दादाच्या कम्प्युटरवरचा बाण

मोबाइलवर ‘कनेक्शन तुटले’ अशी पाटी आली की मला अकोल्याचं बसस्टँड आठवतं. मोठा भाऊ गेला, त्या आठवड्यातली दुपार होती. अमरावतीजवळच्या भातकुलीत त्याचं सातबारा काढून द्यायचं दुकान होतं, आणि हार घालायचा फोटो तिथल्याच कम्प्युटरमध्ये होता. त्या वर्षांत आमच्याकडे घरोघरी असे फोटो लागत होते. डिझेलच्या वासात, बाकावर बसून मी मोबाइलवरून तो कम्प्युटर दुरूनच चालवायला जोडत होतो; जोडला की स्क्रीन काळी पडायची आणि सगळं तुटायचं. कम्प्युटरच मधेच झोपी जातोय, हे उशिरा लक्षात आलं. दुसऱ्या फोनवर वहिनी होत्या, तिकडे दुकानात कम्प्युटरसमोर बसलेल्या. “वयनी, माउस हालवत राहा,” मी म्हणालो. मग एकदाची स्क्रीन दिसली. बोटाने बाण सरकवत मी फोटो शोधला, छापायला टाकला. “भाऊजी, हे तं आपोआप चालून राह्यलं,” वहिनी म्हणाल्या. “मीच चालवून राह्यलो, वयनी.” फोटो निघाला. मी बंद करू लागलो, तर त्या हळूच म्हणाल्या, “राहू द्या. अजून थोडं चालवा.” मी बाण नुसताच इकडून तिकडे फिरवत राहिलो. समोरून माझी अमरावतीची बस निघून गेली. रडू मला तेव्हा आलं नाही, अजूनही आलेलं नाही.