आत्याच्या दारावरचा कागद

गया आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीला वॉर्डात होते. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळची ड्युटी होती आणि एका आजोबांचा ताप मोजून मी तक्त्यात भरत होते. फोन बाबांचा होता. ते एवढंच म्हणाले, "आत्या गेली गं. ये." आणि मी विचारलं, "ताप आला होता का?"... आता लिहिताना ते वाक्य माझं आहे असं वाटत नाही, पण मी तेच विचारलं. बाबा म्हणाले, "न्हाई माय. तुझ्या धाकानं तिला ताप कवाच आला न्हाई." त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखर कौतुकच वाटत होतं. म्हणूनच ते वाक्य दीड महिना झाला तरी माझा पिच्छा सोडत नाही.

गया आत्या ही बाबांची मोठी बहीण. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी, बौद्धवस्तीत, आमच्या घराला लागूनच तिचं घर. नवरा लवकर वारला, तेव्हा लहान मुलाला घेऊन ती माहेरी आली ती कायमची. खुरपणीला जाणाऱ्या बायकांची तिची एक टोळी होती. सकाळी ती दारोदार हाका मारत निघायची, "उठा गं राण्यांनो, सूर्य काय तुमची वाट बघायलाय व्हय?" दुपारी रानात सगळ्यांच्या भाकरी एकाच फडक्यावर सोडायची तिची पद्धत. घरी कधी एकटीनं जेवायची वेळ आली तर ताट घेऊन सरळ आमच्या ओसरीवर यायची. म्हणायची, "एकटीनं खाल्लं की घास तोंडातच फिरायलाय माझा." आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. माझ्या प्रवेशाच्या दिवशी तीच माझ्याबरोबर एसटीनं परभणीला आली होती. त्या दिवसापासून तिनं मला नावानं हाक मारली नाही. "आमची शिश्टर" म्हणायची, आणि म्हणताना पदर सारखा करायची.

मागच्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि मग केमो सुरू झाली, दर एकवीस दिवसांनी एकदा, अशी सहा वेळा. पहिल्या वेळी मी सोबत होते. दवाखान्यातल्या सिस्टर पन्नाशीच्या असाव्यात. आत्याच्या रानात राबलेल्या हातावर शीर सापडेना, तर त्यांनी गरम पाण्याची पिशवी ठेवली, गप्पा मारत मारत हात चोळला आणि एका सुईत काम केलं. निघताना त्यांनी मला नीट सांगितलं होतं, "साधारण आठव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी उतरतात. तो आठवडा जपा. सर्दी-खोकल्याची माणसं जवळ नकोत. ताप आला तर घरी थांबू नका." मी सगळं वहीत उतरवून घेतलं. आठवडा हा शब्दही लिहून घेतला होता.

पण आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं चुकवत नाहीत. कोण आलं नाही हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आणि भेटणं म्हणजे लांबून विचारपूस नव्हे, बाजेवर बसायचं, तोंडावरून हात फिरवायचा. पहिल्या केमोनंतर नवव्या दिवशी मी गावी गेले तर आत्याच्या एका खोलीत चौदा बायका होत्या आणि एकीच्या मांडीवर खोकणारं लेकरू होतं. मी घाबरले. जंतुसंसर्गाचा धडा वर्गात नुकताच झाला होता... मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि लाल स्केचपेननं एक मोठा कागद लिहून दाराला चिकटवला. 'पेशंटला भेटू नये. जवळ बसू नये. हात लावू नये. भांडी वेगळी ठेवावीत. आदेशावरून.' आत्या बाजेवरून वाचत होती. तिला अक्षरं जुळवून वाचता यायचं.

"कोणाचा आदेश गं?"

"माझा."

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली आणि हसली.

किती दिवस, ते मी लिहिलं नाही.

नंतर माझ्या परीक्षा आल्या. आत्याला केमोला न्यायचं काम तिच्या मुलाकडे, आमच्या दादाकडे होतं. मी रोज फोन करायचे. ताप आहे का? तोंड आलंय का? जुलाब? ती प्रत्येक प्रश्नाला "न्हाई" म्हणायची. भेटायला कोण आलं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. शेवटच्या केमोला मी गेले तेव्हा त्याच सिस्टर होत्या. फाइल चाळून म्हणाल्या, "एकदाही ताप नाही. घरी कोण बघतं यांचं?" आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "ही काय आमची शिश्टर. लय कडक हाय." मला इतका आनंद झाला होता की गावाकडच्या एसटीत मी तेच तेच आठवत बसले होते.

घरी पोचलो तर कागद दारावर तसाच होता, लाल रंग फिका पडलेला. संध्याकाळी वहिनीनं ताट आणलं, उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवलं आणि मागं सरली. आत्याचा पाच वर्षांचा नातू अंगणातूनच ओरडला, "आजी, जेव!" मी वहिनीकडे बघतच राहिले.

"अशी काय बगायलाव ताई?" वहिनी म्हणाली. "तुमीच लिवलंय न्हवं, हात लावू नये म्हून. शिकलेल्या माणसानं लिवलेलं आमी कसं मोडावं? लेकराला काई झालं असतं तर?"

म्हणजे मी आत्याला जपायला लिहिलं होतं, आणि सगळ्यांनी ते आत्यापासून जपायला वाचलं होतं. टोळीतल्या बायका रस्त्यावरूनच "गयाबाई, बरी हायस का?" विचारून रानात जायच्या. तीन महिने आत्या भिंतीकडे तोंड करून एकटी जेवत होती.

वहिनी गेल्यावर आत्यानं मला दाराबाहेर बघायला सांगितलं. वळचणीला खिळ्यावर एक स्टीलचा कप अडकवलेला होता, कानाला लाल दोरा बांधलेला. तिचा.

"माझ्या लहानपणी गावातल्या हाटेलात आपल्या वस्तीची कपं अशीच भाइर अडकवलेली असायची," ती म्हणाली. "च्या पेऊन आपणच धुवायचं, आपणच अडकवायचं. तुझ्या आज्यानं म्हून तिथला च्याच सोडला. मला वाटलं व्हतं, आता तसला कप पुन्ना बगायची पाळी येत न्हाई..." मग माझा चेहरा बघून तीच घाईघाईनं म्हणाली, "तू न्हाई केलं गं. दुखण्यानं केलं."

"मग फोनवर का नाही सांगितलंस?"

"तू ताप इचारायचीस. ताप नव्हता."

कागद फाडायला मला काहीच वेळ लागला नाही. पुढचे दोन दिवस मी घरोघर फिरले. हा रोग शिवल्यानं होत नाही, तेव्हा तिला जपायचं होतं म्हणून लिहिलं होतं, असं सांगत राहिले. सगळ्या "येऊ की" म्हणाल्या. एकीनं विचारलं, "मंग आता बरी झाली का ती?" त्याच महिन्यात तपासणीत कळलं की आजार यकृतात गेला आहे.

आली ती कासाबाई. तीस वर्षं आत्याच्या शेजारची पात धरून खुरपणारी. आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. मला वाटलं, हीसुद्धा घाबरते. मी जरा तोडूनच म्हटलं, "आत या ना, काही होत नाही तुम्हाला."

"मला काय व्हायचंय माय?" ती म्हणाली. "माझ्या अंगाला रानातली धूळ हाय. तिला काई बाधलं तर?"

मला फार लाज वाटली. लांब राहणारे सगळे स्वतःसाठी लांब नव्हते, हे मी ओळखलंच नव्हतं. मी म्हटलं, "साबणानं हात धुवून या, बास." तिनं कोपरापर्यंत हात धुतले आणि सरळ बाजेवर जाऊन बसली.

"आलीस व्हय म्हातारे? मी म्हनलं मेलीस की काय," आत्या म्हणाली.

"तुला सोडून कशी मरू? पात कोण धरंल तुझी?"

त्या दिवशी आत्या अर्धी भाकरी जेवली, दुधात कुस्करून, कासाबाईच्या हातानं. शेवटपर्यंत कासाबाई रोज येत होती, असं वहिनी सांगते. मी तेव्हा कॉलेजात होते. शेवटच्या दिवसांत आणखी दोघीचौघी आल्या. ती गेल्यावर जलदान विधीला तर सगळी टोळीच आली, आणि खोली बायकांनी भरली तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले.

पुस्तकात चूक नाही, हे मला कळतं. सिस्टर आठवडा म्हणाल्या होत्या, मी तो कायमचा केला. पण कधी कधी उलटंही वाटतं. कागद नसता आणि दुसऱ्याच केमोनंतर तिला ताप भरला असता तर?... आता वॉर्डात नातेवाइकांना सूचना द्यायचं काम माझ्याकडे आलं की मी बोलता बोलता अडखळते. आमच्या मॅडम म्हणतात, आत्मविश्वासानं बोल. मला ते अजून जमत नाही.

गेल्या आठवड्यात गावी गेले होते. वहिनीनं खोली सारवली होती. बाज तिथंच आहे. दुपारी कासाबाई आली, वहाणा काढून दारात उभी राहिली. मी म्हटलं, "या, बसा." ती आत आली नाही. रांजणाकडे गेली, वहिनीकडून साबण मागून घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग पदराला हात पुसत ती आत आली आणि त्या रिकाम्या बाजेवर पायथ्याशी बसली, उशाकडची जागा सोडून.