रंगारी अण्णाची विलायत

आमच्या पेठेतल्या वाचनालयवाल्यांना दुसरा उद्योग नाही. "बाबा, अण्णाचे किस्से लिहून द्या की!" महिनाभर पिच्छा. अरे, मी चार बुकं शिकलेला विणकर! आणि अण्णाचे किस्से म्हणजे सुताचा गुंता, एक ओढला की चार येतात. लिहितो. पण परत दारात येऊ नका.

मल्लिनाथअण्णा साखर पेठेत आमच्या हातमागाच्या कारखान्यात सूत रंगवायचा. जन्मात अक्कलकोटच्या पुढं गेला नाही. पण विलायतेत, अमेरिकेत जगाची मोठाली प्रदर्शनं भरायची ना, तिथली तिकिटं, मेडलं, पोस्टकार्डं जमवायचं याला वेड. एकच हळहळ होती. "समद्या मुलखाचा माल तितं गेला. तितनं जाऊन आलेली सोलापूरची एक चिंधी बी माझ्याकडं न्हाय!"

* * *

मद्रास मेल आली की अण्णा स्टेशनावर हजर. फस्ट क्लासच्या खिडकीखिडकीत विचारायचा, "परदर्शन, साब?"

एका मडमेनं त्याला हमाल समजून डोक्यावर ट्रंक दिली. ट्रंकेवर लंडनच्या प्रदर्शनाचं लेबल! अण्णानं मुकाट्यानं ती टांग्यापर्यंत नेली. मडम पैसे काढायला लागली तर हा लेबलाकडं बोट दाखवतोय. तांब्यातलं पाणी लावून सावकाश सोडवून घेतलं. मडम ताटकळत बसलेली!

हमाल खवळले. "आमच्या पोटावर पाय देतोस व्हय?"

अण्णा म्हणाला, "चुकलं बाबांनो. तुमच्या दोन ट्रंका फुकट उचलतो. पर लेबलवाल्या द्या!"

* * *

त्याचे हात कोपरापर्यंत कायम निळे नाहीतर लाल. डाग पडेल म्हणून स्वतः पोस्टकार्डाला कधी हात लावला नाही. पाहुणा आला की बायको शांतव्वानं एकेक कार्ड उलटायचं, यानं हात पाठीमागं बांधून माहिती सांगायची.

वर्षभरात शांतव्वाच पंडित झाली. मी एकदा विचारलं, "वैनी, ह्यो मनोरा कसला?"

"प्यारिसचा. आख्खा लोखंडी. पावसात गंजत न्हाय का, ते विचारू नका. मी इचारलंय, ह्यांना बी ठावं न्हाय!"

* * *

दसऱ्याला शांतव्वानं घरातली भांडी चिंचेनं घासली. त्यात अमेरिकेचं सोनेरी मेडलही घासलं. सोनं गेलं, आत तांबं!

आम्हाला वाटलं, आता घरात रण पेटणार. अण्णा मेडल उन्हात धरून बघत राहिला. मग म्हणाला, "अमेरिकेचा रंग चिंचेनं उडाला. माझा उडवून दाखवा म्हणावं!"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना माझं डोकं तापतं.

मालकानं ढिगातली एक चादर उचलून लंडनच्या प्रदर्शनाला धाडली होती. पुढं ती परत आली. मालकानं सगळ्यांना गोळा करून विचारलं, "कुणाच्या हातची? ज्यानं विणली त्याला देतो. कुणालाच ओळखता आली नाही, तर अण्णाला."

सिद्राम मास्तर, म्हणजे आमच्या मागांवर देखरेख करणारा आणि कधीमधी स्वतःही विणणारा, लगेच म्हणाला, "माझी."

मी म्हणालो, "न्हाय, माझी हाय."

मास्तर चारचौघांत हसला. "तुझी? तुझी चादर घोड्याच्या पाठीवर बी कुणी टाकणार न्हाय! खोटारडा!"

सगळा कारखाना हसला. मालक वैतागला. "भांडता कशाला? अण्णालाच देऊन टाकतो."

अण्णा नुसता गप्प बसला असता, तरी चादर त्याची होती. जन्मभर जे मागितलं ते समोर आलेलं!

त्यानं धोतराच्या सोग्यात हात गुंडाळले. चादर उलटी केली, काठाशी डोळे नेले. बराच वेळ बघत होता. एकदा माझ्याकडं बघितलं.

"मालक, तुटलेल्या तारांच्या गाठी बघा. पीळ उलटा हाय. मास्तर उजव्या हाताचे. कारखान्यात डावखुरा ह्यो एकटा."

चादर माझ्या खांद्यावर टाकली. मी ती परत त्याच्यापुढं धरली.

"अण्णा, तुमाला हवी होती की..."

"व्हय, हवी होती. जा आता घरी, तोंडाकडं काय बघतोस!"

मास्तर मागच्या दारानं गेला. आता तोही म्हातारा झालाय. काठी टेकत रोज माझ्या दारावरनं जातो, पावसापाण्याचं बोलतो. त्या 'खोटारडा' शब्दाबद्दल अजून ब्र काढलेला नाही. माझी माफी मागायची राहिलीय, सिद्राम मास्तर!