लाल दोऱ्याचा खिळा

माझ्या सासूबाई त्र्याण्णव वर्षं जगल्या आणि त्यातली पासष्ट त्यांनी लोकांचे कपडे धुण्यात घालवली. हे ऐकून लोक हळहळतात. हळहळायचं काही कारण नाही. एवढी मजेत जगलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मी त्यांची धाकटी सून आहे, म्हणजे उगाच कौतुक करणाऱ्यांतली नव्हे.

सासरे गेले तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि दोन मुलगे लहान होते. शेजारच्या चार घरांचे कपडे आणून त्यांनी धुवायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. दोन घरांच्या पांढऱ्या चादरी एकत्र झाल्या आणि दोन्ही घरांना त्यातली धड असलेली चादर आपलीच वाटली. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी सुईत लाल दोरा ओवला आणि प्रत्येक घराला एक खूण दिली. कपड्याच्या आतल्या कडेला, नखाएवढं चित्र. पुढे चार घरांची चारशे झाली, मागच्या खोलीत मशीनं आली, रस्त्याच्या बाजूला काचेचं दार लागलं, पण खुणा त्यांनीच टाचायच्या हे काही बदललं नाही. कुठली खूण कुणाची हेही त्यांच्या डोक्यातच राहिलं.

आणि खुणा तरी कसल्या. त्यात बाईंनी प्रत्येकाबद्दलची आपली मतं टाचून ठेवली होती. दातांच्या डॉक्टरांना बंद दार, कारण ते जन्मात कधी हसले नाहीत. बेकरीवालीला दोन कप, कारण ती आली की एका कप चहावर उठत नसे. गिऱ्हाइकं बिचारी समजत, काहीतरी नक्षी आहे.

घरच्यांचे कपडेही त्याच मशीनमध्ये पडत, म्हणून घरच्यांनाही खुणा होत्या. माझ्या नवऱ्याला उशी. त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. जाऊबाईंना दिवा, कारण पहाटे सगळ्यांच्या आधी त्या उठायच्या. आणि मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टॉवेलच्या कडेला एक उभी रेघ आणि तिच्यावर बारीक टोपी आली. मी जाऊबाईंना विचारलं. त्यांनी निरखून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाल्या, खिळा दिसतोय.

दिवा आणि खिळा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी जीभ जरा टोचते हे मला ठाऊक आहे, माहेरीही हेच ऐकत आले होते. पण म्हणून नव्या सुनेच्या टॉवेलवर ते टाचून ठेवायचं? विचारायला जाणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी कात्री घेतली आणि खिळा उसवला.

पुढच्या धुण्यात तो परत आला. मी परत उसवला. हे किती चाललं म्हणाल, तर तब्बल छत्तीस वर्षं. त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही. आम्ही दोघी एका ताटात जेवत होतो, एकेका चादरीची दोन टोकं धरून ती झटकत होतो, दुपारी इस्त्रीच्या टेबलापाशी गिऱ्हाइकांच्या नकला करून पोट दुखेपर्यंत हसत होतो. पण दर आठवड्याला माझी कात्री आणि त्यांची सुई आपापलं काम करून मोकळी. बाकी सगळं मी विसरायचे. टॉवेलाने तोंड पुसताना मात्र दर वेळी मनात यायचं की या बाईला मी अजून टोचतेच आहे.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्या मशीनपाशी साबणाच्या पाण्यावरून घसरल्या. हीच जागा जपा म्हणून साठ वर्षं त्या आम्हाला दटावत आल्या होत्या. मनगट मोडलं, चार दिवस दवाखाना. इकडे कपडे पोचवायची वेळ झाली आणि आमच्या लक्षात आलं की खुणा कुणालाच येत नाहीत. दवाखान्यात जाऊन विचारायला काय झालं होतं? पण सगळ्यांनाच वाटलं, एवढं तर आपल्यालाही कळतं. दिरांना एका गठ्ठ्यावर उघडी चोच दिसली. चोच म्हणजे पक्षी, पक्षी म्हणजे अंडी, म्हणून तो गठ्ठा अंडीवाल्याकडे गेला. ती चोच मुख्याध्यापकांची होती, त्यांच्या सतत चाललेल्या तोंडाबद्दल. सोमवारी मुख्याध्यापक जुन्या पँटीत शाळेत गेले आणि अंडीवाला त्यांच्या कडक इस्त्रीच्या पँटीत दुकानात बसला. परत मागायला गेलो तर म्हणाला, पहिल्यांदाच नीट मापाची आली होती.

दवाखान्यात हे ऐकून सासूबाई इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

त्या घरी आल्यावर मी वही घेऊन बसले. हात प्लास्टरमध्ये, त्या सांगायच्या आणि मी चित्र काढून पुढे नाव लिहायचे. प्रत्येक खुणेमागे एक गोष्ट, त्यामुळे दुपारभरात चार-पाच खुणांच्या वर आमची मजल जात नसे. तीन महिने लागले. गिऱ्हाइकं संपली, मग घरचे आले. उशी लिहिली, दिवा लिहिला. त्या थांबल्या.

पेन्सिलीला टोक होतं तरी मी ते करत बसले. छत्तीस वर्षं दातांखाली धरलेलं शेवटी तोंडातून बाहेर पडलं.

"आई, मी तुम्हाला इतकी टोचते का हो?"

त्यांना काही कळेना. "टोचतेस? कुणी सांगितलं?"

खूण उसवायची राहून गेलेला टॉवेल मी पुढे केला. त्यांनी अंगठा फिरवून खूण चाचपली, तेव्हा नजर बरीच गेली होती.

"अगं, तू आलीस तेव्हा थोरला आजारी होता, आठवतं? जो तो येऊन एकेक काम तुझ्यावर अडकवून जात होता. दुकान, स्वयंपाक, त्याची औषधं. तू बडबडत होतीस, पण एक वस्तू खाली पडू दिली नाहीस. भिंतीत घट्ट बसलेला खिळा असतो ना, तसा. ठोकताना तेवढा आवाज करतो."

मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं?

"तू विचारलंस कधी? नुसती उसवत बसलीस."

मी रडले, आणि रडता रडता आम्ही दोघी हसायला लागलो. काय झालं ते पाहायला दुकानातून नवरा आत आला, तर सासूबाई त्याला म्हणाल्या, काही नाही, तू जाऊन झोप.

त्यानंतर त्या पाच वर्षं होत्या. मनगट जुळलं तसं त्यांनी सुई परत हातात घेतली. दिसत नव्हतं, त्यामुळे दार तिरकं व्हायचं, कप सांडल्यासारखे दिसायचे. माझा खिळा तर कधी कधी आडवाच पडायचा. मी कात्री लावली नाही. त्या वारल्या त्या दिवशी सकाळी त्यांनी आपली शाल धुवायला टाकली होती. तिच्यावर खूण नव्हती, त्यांच्या कुठल्याच कपड्यावर नसे. आपलं आपल्याला ओळखू येतं, म्हणायच्या. शाल मशीनमधून निघाली तेव्हा आम्हा सगळ्यांनाही ओळखू आली.

आता वही दुकानात गल्ल्याशेजारी असते आणि खुणा मी टाचते. गेल्या आठवड्यात घरात नवीन टॉवेल आले. उशी झाली, दिवा झाला. माझा टॉवेल तसाच राहिला होता, तो टाचणारं आता कुणी नव्हतं. मग मीच लाल दोरा ओवला. रेघ काढली, वर टोपी काढली. जरा वाकडा आला, पण मी बोटाने दाबून पाहिला. घट्ट बसलाय.