गुरुनाथ वैरागडेचं ‘चालेल’

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावात गुरुनाथ वैरागडेबद्दल वाईट बोलणारा माणूस सापडणार नाही. यात कौतुक किती आणि आमची सोय किती, हे विचारू नका. नागपूरहून आलेला हा माणूस सत्तावीस वर्षं मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं आहे: “चालेल.” मुलीच्या शाळेच्या स्की क्लबाबरोबर पालकांपैकी कोण जाणार, असं कुणीतरी विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला. त्या नादात स्वतःही बऱ्यापैकी स्की करायला शिकला.

ती मुलगी, नेत्रा, आता डेन्व्हरला फिजिओथेरपिस्ट आहे. दर हिवाळ्यात ती मित्रमैत्रिणींबरोबर आडरानातल्या डोंगरात जाते. तिथे वर नेणारी लिफ्ट नसते. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून आपल्या पायांनी चढायचं, लाकडी झोपडीत मुक्काम करायचा, सकाळी पुढे निघायचं. यंदा तिने बापाला विचारलं, “बाबा, मार्चमध्ये येतोस?” अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरीने आपणहून बोलावलं. गुरुनाथ हवेत होता.

नेत्राने तीन टूर पाठवल्या. तिन्हींवर ‘मॉडरेट’ लिहिलेलं. पहिलीत तीन दिवस एकाच झोपडीत राहून आसपास फिरायचं. दुसरीत चार दिवस, तीन झोपड्या आणि मध्ये एक मोठी खिंड. तिसरीत तंबू.

“तुला कुठली आवडली?”

“कुठलीही चालेल.”

“बाबा, दॅट्स नॉट ॲन आन्सर.”

जानेवारीत नेत्रा घरी आली तेव्हा दोघं सरावासाठी मिशिगनच्या उत्तर टोकाला गेले. दुसऱ्याच तासाला गुरुनाथची टाच सोलवटली. नेत्राने तीनदा विचारलं, तीनदा हा म्हणाला, “ओके आहे.” संध्याकाळी बूट काढला तर मोजा रक्ताने टाचेला चिकटलेला. नेत्रा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं गुरुनाथ मला नंतर म्हणाला.

“बाबा, आय कॅन्ट टेक यू,” ती म्हणाली. “तिथे बर्फाचा कडा कोसळू शकतो. रोज सकाळी आम्ही प्रत्येकाला विचारतो, जायचं का? एक जरी नो म्हणाला तरी सगळे मागे फिरतो. का, ते कोणी विचारत नाही. पण तू नो म्हणतच नाहीस. मग तुझ्या येसला काय अर्थ आहे?”

गुरुनाथला हे फार लागलं. घरी आल्यावर त्याने नाही म्हणायचा सराव सुरू केला. पाडव्याच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला येशील का, असं इथल्या मराठी मंडळाच्या कार्यवाहाने फोनवर विचारलं, तर म्हणाला, “नाही जमणार.” दहा मिनिटांनी गुरुनाथचाच फोन, “किती वाजता येऊ?” कार्यवाह मीच. मी वेळ सांगितली. आता वाईट वाटतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी नेत्राचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मैत्रिणींनी ऐनवेळी कॅन्सल केलं होतं. उरला फक्त मिहीर, तिच्याबरोबर काम करणारा. “बाबा, मी नाही म्हटलं होतं, पण टाच बरी असेल तर चल. पण दुसरी टूर करू या ना, प्लीज. ती खिंड मला किती वर्षं करायचीय!”

गुरुनाथने नकाशा पाठ केला होता. तिसऱ्या दिवशी नऊ मैल होते आणि आपले गुडघे त्याला ठाऊक होते. नाही म्हटलं तर ती दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जाईल आणि आपल्याला पुन्हा विचारणार नाही, हीच त्याला भीती होती.

“नको, नेत्रा,” तो म्हणाला. “तिसरा दिवस मला झेपणार नाही. एका झोपडीवाली असेल तर येतो. नसेल तर तू जा.”

मग नेत्रा म्हणाली, “ओके. फर्स्ट वन. बुक करते.” आणि थोड्या वेळाने, नाक ओढत, “थँक यू, बाबा.”

गुरुनाथचे डोळे भरून आले. त्याची बायको शोभना गॅसपाशी पोहे परतत होती. पुढचं तिनेच मला सांगितलं.

“मला कधी असं नाही म्हणालात?” तिने विचारलं.

“तुला? एकदाही नाही.”

“म्हणायचं किती वेळा होतं?”

गुरुनाथ नेहमीप्रमाणे हसला नाही. खरंच आठवायला लागला. शोभनाने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.