मामांच्या फळीवरच्या बाटल्या

माझे मामा रफूगार होते. कुणी शिंपी म्हटलं की लगेच दुरुस्ती करायचे, "शिंपी नवं शिवतो. मी झालेलं लपवतो." चांगल्या कोटाला ठिणगीने भोक पडलं की लोक त्यांच्याकडे यायचे. मामा त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसायचे आणि भोकावर एक वर, एक खाली असे सुईने विणायचे. काम झालं की गिऱ्हाइकासमोर कोट पसरून म्हणायचे, "आता शोधा बघू." त्याला सापडलं नाही की मिशीतल्या मिशीत हसायचे.

आई गेल्यावर मामा-मामींनीच मला वाढवलं. मामीच्या वडिलांनी दारूपायी घर धुळीला मिळवलं होतं. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, थेंबालाही शिवायचं नाही. मामांनी ती छत्तीस वर्षं पाळली. मामी फारसं कुणाचं कौतुक करत नसे, पण ही गोष्ट मात्र ती चारचौघांत मान वर करून सांगायची.

पंचावन्न उलटल्यावर मामांना काळ्या कापडावर काळा धागा दिसेना. मी तेव्हा औषधाच्या दुकानात काउंटरवर होते. कुणाला न विचारता मी त्यांना अ जीवनसत्त्वाच्या भारी ताकदीच्या कॅप्सूल आणून दिल्या. चिठ्ठी कसली, माझीच अक्कल! डोळ्यांना चांगलं, एवढंच मला ठाऊक होतं. ज्याला त्याची कमतरता असते त्याच्या डोळ्यांना ते चांगलं, हे पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं. रोज एक, असं दोन वर्षं चाललं. मग मामांनी विचारलं, "सकाळी दोन, संध्याकाळी दोन घेतल्या तर?"

"घ्या की," मी म्हटलं. "व्हिटॅमिनच आहे, विष थोडंच? जास्तीचं लघवीतून निघून जातं."

हे वाक्य मी दुकानात दिवसातून दहादा ऐकायचे आणि दहादा म्हणायचे.

पुढे चार वर्षं तसंच चाललं. रिकाम्या बाटल्या मामा टाकत नसत. कामातून उरलेले धागे रंगारंगांनी त्यांत भरून डोक्यावरच्या फळीवर मांडून ठेवायचे. मग त्यांचे ओठ सोलायला लागले, केस झडले, तळहात कोरडे पडले. आम्ही म्हटलं, वय. शेवटी पोट फुगलं, पाय सुजले, तेव्हा तिघांनी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासण्या बघून यकृत खराब झाल्याचं सांगितलं आणि पहिलाच प्रश्न केला, "किती वर्षं पिताय?"

"कधीच नाही."

"काही औषधं?"

"कसलीच नाही," मामा म्हणाले. आणि औषधाच्या दुकानात काम करणारी ही शहाणी शेजारी बसून मान डोलावत होती. कॅप्सूल माझ्या मनातसुद्धा आल्या नाहीत. आमच्या घरी ताप आला की घ्यायचं ते औषध; जीवनसत्त्व म्हणजे जेवणाचाच भाग.

डॉक्टर नुसते मामीकडे बघून हसले. त्या हसण्याने घर फाटलं. यकृत दारूनेच जातं, हे मामीने वडिलांच्या उशाशी बसून पाहिलेलं. तिने भांडण केलं नाही. बोलणंच सोडलं. ताट पुढे सरकवायची, पाणी ठेवायची, आणि रोज संध्याकाळी मामा दुकानातून आले की जवळ जाऊन त्यांचं तोंड हुंगायची. मामा शहाण्या मुलासारखं तोंड उघडायचे. वास यायचा नाही, तरी तिचा संशय जाईना. शेजारपाजारचे खाई त्याला खवखवे म्हणत होतेच. मला मामीचा राग यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी तिला एकदा तोंडावर म्हटलंही. चोर कोण, ते मला तेव्हा कुठे माहीत होतं!

सहा महिन्यांनी मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिने आधी मामांचे ओठ बघितले, तळहात उलटेपालटे केले आणि मला विचारलं, "औषध राहू दे. डोळ्यांसाठी, केसांसाठी, ताकदीसाठी, पोटात काय काय जातं?"

डोळ्यांसाठी. 

मी मामांच्या दुकानात गेले आणि फळीवरून बाटल्या काढल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा! चौसष्ट बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर नाव आणि ताकद छापलेली. मी त्या पिशवीत घालून इस्पितळात नेल्या आणि मामीच्या देखतच डॉक्टरणीच्या टेबलावर मांडल्या. काही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, त्यांचं जास्तीचं बाहेर जातं, असं तिने समजावलं. अ तसं नाही. ते चरबीत विरघळतं आणि यकृत ते साठवून ठेवतं. साठा हाताबाहेर गेला की यकृतच निबर होत जातं.

मामांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे आतल्या शिवणीतून धागा काढायच्या ऐवजी मी कोंबतच राहिलो."

"मामा, मी दिल्या त्या," मी म्हटलं. "मीच म्हटलं होतं, निघून जातं."

"म्हणून तर बोललो नाही. निघून जाणाऱ्या गोष्टीसाठी तुझी नोकरी कशाला घालवायची?"

म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांना आठवलं होतं. माझ्या शब्दावर विश्वास होता, म्हणून गप्प राहिले. मी तिथेच रडले. डॉक्टरणीने कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केल्या, पण फार उशीर झाल्याचंही सांगितलं. वेळेत थांबलं तर यकृत पुष्कळदा सावरतं. मामांचं सावरण्यापलीकडे गेलं होतं.

मामी एका बाटलीतला निळा धागा बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती.  घरी येऊन मामा खाटेवर टेकले, तशी ती समोर येऊन उभी राहिली.

"सहा महिने मी तुमचं तोंड हुंगत होते," ती म्हणाली. "एकदा तरी ओरडायचं माझ्यावर. हात झटकायचा. गप्प का बसलात?"

मामांनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"बोलणं तू टाकलंच होतंस," ते म्हणाले. "हुंगायला तरी जवळ यायचीस."