उपवासकाळातली सहा खंडांची पेटी

आमच्या लहानपणीचे एक चित्रकथांचे साप्ताहिक लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून सहा खंडांत पुन्हा छापले जाणार आहे, ही बातमी शाळासोबत्यांच्या मोबाइलवरच्या गटात आली, तेव्हा उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार होऊन जेमतेम आठवडा झाला होता. या उपवासकाळात स्वतःसाठी अनावश्यक असे काहीही विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले होते. पेटीची किंमत साडेसात हजार रुपये. नाव नोंदवण्याची मुदत झावळ्यांच्या रविवारपर्यंत. म्हणजे त्यापुढच्या रविवारी पास्काचा, ईस्टरचा सण येऊन उपवासकाळ संपेपर्यंत थांबण्याची पळवाटही माझ्यासाठी ठेवलेली नव्हती.

पत्नीने प्रकरण शांतपणे समजून घेतले. पेटी केवढी, ठेवणार कुठे, येणार कधी, असे तिने विचारले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस येईल, असे मी सांगितल्यावर ती म्हणाली, “चर्चच्या छपरासाठी वर्गणी दिली तेव्हा निदान जुनं छप्पर तरी डोळ्यांसमोर होतं.”

तिचे म्हणणे रास्त होते. माणिकपूरच्या आमच्या गॅलरीत, खाली रिक्षावाल्यांचा पुकारा चालू असताना, मी रोज संध्याकाळी नमुन्याची चार पाने मोबाइलवर मोठी करून पाहत असे. कागद गुळगुळीत, रंग नको इतके नीटनेटके. आमच्या अंकांत नायिकेच्या ओठांचा लाल रंग ओठांत कधीच मावत नसे. तो हनुवटीपर्यंत उतरलेला असे आणि आम्हांला तीच सौंदर्याची रीत वाटे. शिवाय प्रामाणिकपणे तपासले तर कथाही बेताच्याच होत्या. वस्तू म्हणून पाहता ती पेटी त्या किमतीची नव्हती, हे मला चौथ्याच संध्याकाळी कळले होते. तरीही मी पाहत राहिलो, कारण प्रश्न वस्तूचा नव्हता. तो माझ्या ताईचा होता.

मी नऊ वर्षांचा आणि ताई तेरा वर्षांची असताना आमच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये उपवासकाळात वेदीजवळ एक लाकडी पेटी ठेवली जाई. मुलांनी आपली सर्वांत प्रिय वस्तू तिच्यात टाकायची आणि ती पुढे गरजू मुलांकडे जायची, अशी प्रथा होती. मी दोन दिवस आत्मपरीक्षण केले. माझी सर्वांत प्रिय वस्तू म्हणजे ताईचे चित्रकथांचे अंक, याविषयी मनात तिळमात्र शंका उरली नाही. ते माझे नव्हते, हा तपशील त्यागाच्या भरात मला गौण वाटला. सुतळीने बांधलेला तो गठ्ठा मी पेटीत सोडला आणि जड मनाने घरी आलो. ते मन खरोखरच जड होते, हे मी आजही शपथेवर सांगेन.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने एकच गोष्ट विचारली. गठ्ठ्यातला सर्वांत वरचा अंक तिने अजून उघडलाही नव्हता. त्यात पाणबुडी मुलीच्या मालिकेचा शेवट होता. ती मुलगी समुद्राखालच्या गुहेत अडकली होती आणि तोंडाशी शिळा पडली होती. ती सुटली कशी?

तो अंक मीही वाचला नव्हता. न वाचता दिल्यामुळेच माझा त्याग मला अधिक मोठा वाटत होता. पण ताई बोलत होती, हेच मला फार होते. मी म्हणालो, वाचलाय, सांगतो. आणि रोज संध्याकाळी थोडा थोडा असा तो शेवट मी झावळ्यांच्या रविवारपर्यंत पुरवला. चोरीचे पापनिवेदन मी त्याच वर्षी धर्मगुरूंपुढे केले. खोटेपणाचे मात्र राहून गेले, कारण तो अजून चालू होता आणि अपुऱ्या पापाचे निवेदन कसे करावे, हे मला कोणी शिकवले नव्हते.

पुढे ताईने तो शेवट आपल्या मुलांना सांगितला, आता नातींना सांगते. पेटी घेऊन दिली तर सहाव्या खंडात खरा शेवट तिच्या हाती पडणार. न दिली तर मी हिरावलेली गोष्ट मिळण्याची तिची एकमेव संधी हुकणार. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सकाळी मी एव्हरशाईन सिटीत तिच्या घरी गेलो.

ती वाल सोलत होती. मी समोर बसून सगळे क्रमाने सांगितले: पेटी, किंमत, माझा नेम आणि शेवटी तो शेवट. तिचे सोलणे थांबले नाही.

“तुझ्या गोष्टीत ती मुलगी तीन दिवस मोठ्या माशाच्या पोटात होती,” ती म्हणाली. “मग माशाने तिला किनाऱ्यावर आणून ओकलं. अरे, धर्मशिक्षणाच्या वर्गात बायबलातली ही गोष्ट मी तुझ्या चार वर्षं आधी ऐकली होती.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस, ताई?”

“गुहेच्या तोंडाशी शिळा असताना तू मासा आत कसा आणतोस, ते बघायचं होतं. आणलास बाबा. दोन संध्याकाळी घेतल्यास, पण आणलास.”

मी ओशाळून वालांची साले गोळा करू लागलो. पेटी घ्यावी की नाही, हे मी विचारण्याआधीच तिने हात पुसून माझा मोबाइल मागितला. मला वाटले, नमुन्याची पाने पाहील. तिने थेट नाव नोंदवण्याचे पान काढून स्वतःचा पत्ता भरला आणि आपले कार्ड आणायला उठली. मी घाईने पैसे पुढे करू लागलो, तर तिने मला खाली बसवले.

“नेम तुझा आहे, माझा नाही. या वेळी तू तुझंच काय ते सोड.”

नियमही तिने तिथेच सांगितले. पेटी तिच्या घरी राहील. मी हात धुऊन यायचे, तिच्यासमोर बसून वाचायचे आणि एकही खंड दाराबाहेर न्यायचा नाही. सहावा खंड उघडण्यापूर्वी मात्र नातींना समोर बसवून माझा शेवट पहिल्यापासून सांगायचा; मग छापलेला वाचायचा. पेटी साडेसात हजारांची होती की नव्हती, हे त्यानंतर ठरेल.

तेव्हापासून मी राजोडीच्या किनाऱ्यावर फिरायला जातो, तेव्हा सुरूच्या झाडांखाली ती गोष्ट मनात जुळवून पाहतो. बराचसा भाग आठवला आहे. पण शिळा असताना तो मासा मी आत कसा आणला होता, ते काही केल्या आठवत नाही. ताईला आठवत असणार. विचारण्याचे धैर्य होत नाही.