पाणाड्याचा नारळ आणि सूर्यावरचं वादळ

कऱ्हाटीच्या आमच्या रानात पाणाड्या तळहातावर नारळ धरून पाणी शोधत होता, तेव्हा मला शहाणपणा सुचला. माझा अभ्यास सूर्यावरच्या स्फोटांचा. बांधावरच त्याला सांगून टाकलं, की त्या स्फोटांतून विद्युतभारित कण आणि चुंबकीय क्षेत्र सुटतं, ते पृथ्वीवर आदळलं की होकायंत्राची सुईसुद्धा हलते.

नारळ उभा राहिला तिथं बोअर घेतला. नुसता फुफाटा निघाला.

पाणाड्या माझ्या वडिलांना बिनदिक्कत म्हणाला, "आबा, नारळ खरा हाय. सूर्यावर वादळ व्हतं, इचारा पोराला!"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. नेमकं त्या दिवशी वादळ होतं. मला मान डोलवावी लागली.

आता नारळ उचलण्याआधी, आज सूर्यावर वादळ आहे का ते विचारायला पाणाड्या मला फोन करतो. माझ्या विद्येला अख्ख्या तालुक्यात तेवढंच एक गिऱ्हाईक आहे, आणि पाणी अजून कुठंच लागलेलं नाही.